वणवा विझल्यावर माळाच्या मातीचं काय करायचं: राखेपासून पुढच्या गवतापर्यंत

होळीच्या आगेमागे माळ पेटतो, एका रात्रीत काळा होतो आणि सकाळी पारावर दोन मतं ऐकू येतात. "राख म्हणजे खतच, बघा पावसाळ्यात गवत कसं येतंय," हे एक. "माती जळून गेली, आता जेसीबी लावून चर मारा आणि झाडं लावा," हे दुसरं. दोन्ही मतं माळावर न जाता, खाली वाकून माती हातात न घेता दिलेली असतात. मग पहिल्या वळवाच्या सरीत राख आणि मातीचा वरचा थर ओढ्याला जातो, उरलेलं जुलैतली जनावरं तुडवतात, आणि दोन वर्षांनी तिथे कुसळी आणि गाजरगवत तेवढं उरतं.

हा लेख देशावरच्या गायरानांसाठी, खासगी कुरणांसाठी आणि मुरमाड माळांसाठी आहे. वणवा बहुतेक वेळा फेब्रुवारी ते मे या काळात लागतो. म्हणजे आग आणि पहिला जोरदार पाऊस यांच्यात कधी तीन महिने मिळतात, कधी जेमतेम तीन आठवडे. पहिल्या सहा टप्प्यांची कामं याच मुदतीत बसवायची आहेत, आणि त्यांचा क्रम बदलायचा नाही.

## आधी एवढं लक्षात घ्या

वाळलेल्या गवताची आग झरझर पुढे सरकते. कोरडी माती उष्णता खाली फारशी जाऊ देत नाही, त्यामुळे नुसतं गवत जळालं असेल तर दोन-चार सेंटिमीटर खालच्या मुळांना सहसा धक्का लागत नाही. पण जिथे घाणेरीचं जाळं होतं, वाळका ओंडका पडला होता, शेणाचा ढीग किंवा कापलेल्या गवताची गंजी होती, तिथे आग तासन्‌तास धुमसते. तिथली माती खरोखर भाजते.

माती साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापली की तिच्यातला सेंद्रिय पदार्थ जळू लागतो आणि नत्र (नायट्रोजन) हवेत उडू लागतं. स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) उडायला याहून कितीतरी जास्त, ७५० अंशांच्या पुढची उष्णता लागते, म्हणून ते राखेत मागे राहतात. चुना आणि मॅग्नेशियमही राहतात. "राख म्हणजे खत" हे निम्मं खरं आहे ते यामुळे. स्फुरद-पालाश मिळतं, पण जमिनीत मुरलं तरच. राख हलकी असते. चैत्र-वैशाखाच्या वाऱ्यात निम्मी उडून जाते आणि उरलेली पहिल्या सरीबरोबर वाहते.

वणव्यानंतरचं पहिलं गवत गडद हिरवं दिसतं हेही खरं. आगीमुळे काही नत्र अमोनियमच्या रूपात मुळांना तात्पुरतं उपलब्ध होतं, त्याचा तो रंग. मातीचा साठा वाढल्याची ती खूण समजू नका. दरवर्षी जाळलेल्या माळावर शेडा, पवन्या, मारवेल ही चाऱ्याची चांगली गवतं मागे हटतात आणि कुसळी वाढत जाते. कुसळीचं बी आपल्या अणकुचीदार कुसळाने स्वतःला जमिनीत रुतवून घेतं, म्हणून आगीतून वाचतं.

## तयारी: सोबत काय घ्यायचं

एक वही, खुरपं, फावडं, पाण्याचे दोन कॅन, औषधाचा ड्रॉपर, मोजपट्टी, मोबाइल, जाड तळव्याचे बूट आणि तोंडाला बांधायला फडकं. दोन्ही बाजू कापलेला, साधारण १५ सेंटिमीटर व्यासाचा एक पत्र्याचा डबा. स्वच्छ प्लास्टिकच्या किंवा कापडी पिशव्या. खताची रिकामी गोणी नमुन्यासाठी कधीच वापरू नका, तिच्या तळाशी राहिलेल्या चार दाण्यांनी अख्खा अहवाल खोटा ठरतो.

आणखी एक गोष्ट लागते ती म्हणजे न जळलेला तुकडा. त्याच उताराचा, तशाच मातीचा, वणव्यातून सुटलेला. तुमची सगळी मोजमापं त्याच्याशी ताडून बघायची आहेत. तो नसेल तर हातातल्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

## टप्पा १: पहिले तीन दिवस, फक्त बघा

आग विझल्यावर लगेच आत शिरू नका. ओंडके, जुनी मुळं, शेणाचे ढीग आतून धुमसत असतात आणि वरून गार दिसतात. हाताची मागची बाजू जमिनीजवळ नेऊन बघा, ऊब लागली तर त्या जागी पाणी आणि माती टाका.

जागा कोणाची आहे हे याच वेळी पक्कं करा. गायरान असेल तर ग्रामपंचायतीला सांगा. वन विभागाची हद्द असेल तर त्यांच्या परवानगीशिवाय पुढचं कोणतंही काम करू नका. धूर पुन्हा दिसला तर १९२६ या वन विभागाच्या हेल्पलाइनवर कळवा.

सावधान: राख पाण्यात मिसळली की पाणी अल्कधर्मी होतं. माळाखाली पाझर तलाव, विहीर किंवा जनावरांचं पाणवठ्याचं डबकं असेल तर त्याकडे जाणारी नाली आत्ताच शोधून ठेवा. पाचव्या टप्प्यात पहिलं काम तिथेच करायचं आहे.

## टप्पा २: माळाचे तुकडे पाडा

सगळ्यात जास्त चूक इथे होते. लोक अख्ख्या माळाला एकच उपाय लावतात, पण एकाच वणव्यात तीन वेगवेगळ्या जमिनी तयार झालेल्या असतात.

काळी राख, जळक्या काड्यांचे तुकडे, गवताच्या ठोंबांचे बुडखे शाबूत: इथे आग वरून निघून गेली. बहुतेक माळ असाच असतो.

करडी किंवा पांढरी राख, ठोंब जमिनीलगत जळून खळगा पडलेला: इथे सेंद्रिय पदार्थ जवळपास पूर्ण जळाला.

राखेखालची माती विटकरी किंवा तांबूस झालेली, चिमटीत धरली की भुगा होणारी: इथे माती भाजली. असे तुकडे लहान असतात, कधी बैलगाडीएवढे, पण तण पहिल्यांदा तिथेच बसतं. मुळात तांबड्या जमिनीत हा रंग फसवतो. त्यामुळे राख झटकून, शेजारच्या न जळलेल्या मातीच्या ढेकळाशी रंग ताडून बघा.

वहीत माळाचा कच्चा नकाशा काढा, तुकड्यांना अ, ब, क नावं द्या, उतार कुठे जातो ते बाणाने दाखवा. प्रत्येक तुकड्याचा एक फोटो ठरावीक दगडावर उभं राहून काढा. याच दगडावरून पुढे वर्षभर फोटो काढायचे आहेत.

## टप्पा ३: जागेवरच्या तीन तपासण्या

या तपासण्या पाऊस पडण्याआधी, माती पूर्ण कोरडी असताना करा. प्रत्येक तुकड्यात तीन जागी आणि न जळलेल्या तुकड्यातही तीन जागी.

थेंबाची तपासणी. गवत जळताना निघालेली मेणचट वाफ मातीत उतरते आणि कणांवर थर धरते. अशी माती पाणी झिडकारते. राख हलक्या हाताने बाजूला करा, मातीवर ड्रॉपरने थेंब टाका आणि मोजा. ५ सेकंदांच्या आत मुरला तर ठीक. त्यापेक्षा जास्त वेळ मण्यासारखा उभा राहिला तर माती पाणी झिडकारते आहे. मिनिटभर राहिला तर प्रकार गंभीर आहे.

एवढ्यावर थांबू नका. खुरप्याने १ सेंटिमीटर माती खरवडून पुन्हा थेंब टाका, मग २, मग ३ सेंटिमीटरवर. मेणचट थर पुष्कळदा वर नसून खाली असतो. वरचा भाग जास्त तापला की तिथला थर जळून जातो आणि खालचा शिल्लक राहतो. नुसता वरून थेंब टाकणारा माणूस "सगळं ठीक आहे" म्हणून घरी जातो, आणि पावसात वरची दोन सेंटिमीटर माती त्या थरावरून घसरत जाते. मुरमाड, वाळूसर जमिनीत हा त्रास जास्त, भारी काळ्या जमिनीत कमी.

डब्याची तपासणी. डबा जमिनीत पाच-सहा सेंटिमीटर ठोकून बसवा. आत प्लास्टिकचा तुकडा अंथरून त्यावर ४४० मिली पाणी ओता आणि प्लास्टिक अलगद काढून घ्या. १५ सेंटिमीटरच्या डब्यात एवढं पाणी म्हणजे सुमारे अडीच सेंटिमीटर पाऊस झाला. पाणी पूर्ण मुरायला किती वेळ लागला ते लिहा. न जळलेल्या तुकड्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागला तर तो तुकडा पाचव्या टप्प्यात पहिल्या रांगेत घ्यायचा, हा माझा वापरातला ठोकताळा आहे.

ठोंबाची तपासणी. प्रत्येक तुकड्यातला एखादा ठोंब खुरप्याने उभा चिरा. बुडखा आतून पांढरट, ओलसर, चिवट असेल तर तो जिवंत आहे. तपकिरी आणि कुरकुरीत असेल तर गेला. प्रत्येक तुकड्यात असे दहा ठोंब बघा. त्यांतले सहा-सात जिवंत असतील तर त्या तुकड्यात पेरणीचा विचारही करू नका. त्या गवताला बियाण्याची गरज नाही, त्याला फक्त कोणी तुडवू नये.

तपासून पाहा: वहीत प्रत्येक तुकड्यापुढे राखेचा रंग, थेंबाचे सेकंद, डब्याची मिनिटं आणि दहातले जिवंत ठोंब हे चारही रकाने भरले आहेत ना? एक जरी रिकामा असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: प्रयोगशाळेचा नमुना

शेतात घेतो तसा वीतभर खड्डा खणून नमुना घेतलात तर वणव्याचा परिणाम दिसणारच नाही. जे काही घडलंय ते वरच्या ५ सेंटिमीटरमध्ये, आणि खालची चांगली माती मिसळली की ते झाकलं जातं. म्हणून दोन थर वेगळे घ्या: ० ते ५ सेंटिमीटर आणि ५ ते १५ सेंटिमीटर.

राख आधी झटकून टाका. मी सुरुवातीला हीच चूक केली होती. राखेसकट नमुना पाठवला, अहवालात सामू (पीएच) चढा आणि पालाश भरपूर आलं, आणि माळ सुधारला असं मी लोकांना सांगून बसलो. ती मोजणी राखेची होती. पहिल्या पावसानंतर त्यातलं काही जागेवर राहिलं नाही.

एका तुकड्यातून नागमोडी चालत आठ-दहा जागांची माती घ्या, एकत्र करा, सावलीत वाळवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, असं करत अर्धा किलो उरवा. जळलेल्या तुकड्यांचे आणि न जळलेल्याचे नमुने एकाच दिवशी, एकाच प्रयोगशाळेत द्या. सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, उपलब्ध नत्र-स्फुरद-पालाश आणि लोह-जस्त मागा.

अहवाल वाचताना दोन गोष्टी. देशावरच्या चुनखडीयुक्त जमिनींचा सामू आधीच ८ च्या आसपास असतो. राखेने तो आणखी चढला की लोह आणि जस्त मातीत असूनही मुळांना मिळत नाही. कोकणात, गोव्यात आणि घाटमाथ्याच्या जांभ्या जमिनीत उलट आहे. ती आम्लधर्मी असल्यामुळे राख काही काळ चुन्यासारखी उपयोगी पडते. म्हणून दुसऱ्या जिल्ह्यातला सल्ला आपल्या माळाला लावू नये. दुसरं म्हणजे सेंद्रिय कर्ब वाढलेला दिसला तर हुरळून जाऊ नका. नमुन्यात कोळशाचे कण असतील तर नेहमीच्या पद्धतीत त्यांचाही काही भाग मोजला जातो, आणि कोळसा म्हणजे ह्यूमस, कुजून मातीत मुरलेला सेंद्रिय पदार्थ, नव्हे.

सावधान: नत्र कमी आलं म्हणून युरिया फेकू नका. झाकण नसलेल्या उतारावरचा युरिया एक तर वाहून जातो, नाही तर गाजरगवत पोसतो.

## टप्पा ५: वळवाच्या आधी झाकण आणि दगड

इथे घाई करायची. बाकी सगळीकडे धीर धरा. उघड्या जमिनीवर टपोऱ्या थेंबांचा मारा झाला की मातीचे कण फुटतात, राखेसोबत बारीक छिद्रं बुजवतात आणि वर पापुद्रा धरतो. झाकण हवं ते या माऱ्यासाठी.

सगळ्या माळाला झाकण पुरणार नाही आणि त्याची गरजही नाही. काळ्या राखेच्या सपाट भागात जळक्या काड्या आणि बुडखे पुरेसे असतात. करड्या-पांढऱ्या आणि विटकरी तुकड्यांवर, विशेषतः उतारावर, काड पसरा. जमिनीचा ६० ते ७० टक्के भाग झाकला गेला पाहिजे, त्यासाठी एकरी साधारण १ टन काड लागतं. थर जाड करू नका, खालून कोंब वर यायला हवा.

ऐन उन्हाळ्यात वैरण माळावर पसरा असं सांगणं शेतकऱ्याला पटत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. म्हणून जनावरं खात नाहीत ते वापरा: तुराट्या, उसाचं पाचट, जुनं कुजकं काड. कपाशीच्या पऱ्हाट्या मात्र टाळा, त्यांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. बाभळीच्या काटेरी फांद्या उत्तम, त्या माती धरतात आणि जनावरंही अडवतात. फांद्या समतल रेषेत आडव्या टाका आणि दगडाने दाबा. वर-खाली टाकल्या तर त्यांच्या कडेने पाण्याला वाट मिळते. घाणेरी, गाजरगवत किंवा वेडी बाभूळ बियांसकट आणून टाकणं म्हणजे पुढच्या दहा वर्षांचं दुखणं.

दगडांचं काम नाल्यांत करा. घळीच्या सुरुवातीला, पाणी अजून पातळ असतं तिथे, गुडघ्याच्या आतले अनघड दगडी बांध घाला. मधला भाग कडांपेक्षा खोलगट ठेवा, नाहीतर पाणी बांधाला वळसा घालून कड कापतं. पाणवठ्याकडे जाणारी नाली सर्वांत आधी. दगड फक्त सुटे घ्या. जमिनीत रुतलेला दगड उपटला की त्याच्याभोवतीची माती मोकळी होते. उचलण्याआधी काठीने हलवा, आगीतून वाचलेले विंचू आणि साप त्यांच्याखालीच आसरा घेतात.

हे करू नका: नांगर, ट्रॅक्टर, सलग समतल चरांसाठी जेसीबी, झाडांसाठी खड्डे. जिवंत मुळांच्या जाळ्यानेच माती धरून ठेवलेली असते, आणि यंत्राने तेच पहिल्यांदा तुटतं. चर हवेच असतील तर गवत पुन्हा उभं राहिल्यावर, पुढच्या वर्षी मारा. आणि माळ म्हणजे झाडं नसलेलं मोडकं जंगल नव्हे. गवत हेच त्याचं झाकण, भर उन्हाळ्यात लावलेल्या रोपांच्या खड्ड्यांनी ते परत येत नाही.

## टप्पा ६: चराईचं बोलणं मे महिन्यातच

वळवानंतर आठ-दहा दिवसांत माळ हिरवा दिसू लागतो. तो कोंब ठोंबाने मुळातली साठवण खर्चून काढलेला असतो. तो खाल्ला गेला तर दुसरा कोंब काढायला पुरेसा साठा उरत नाही, आणि आगीतून वाचलेला ठोंब जनावरांच्या तोंडी मरतो. ओल्या, झाकण नसलेल्या मातीवर खुरांचा दाब पडला की ती दडपते तो वेगळा तोटा.

काळ्या तुकड्यांना किमान एक पूर्ण पावसाळा, म्हणजे गवताला बी येऊन ते गळेपर्यंत विश्रांती द्या. करड्या आणि विटकरी तुकड्यांना दोन पावसाळे.

ग्रामसभेचा ठराव हवाच, पण तो कागदावर राहतो, कारण मेंढपाळांशी कोणी बोललेलं नसतं. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरलेले धनगरांचे वाडे पावसाच्या तोंडावर देशावर परततात. ते येतात आणि तुमचा माळ कोवळा होतो, हे एकाच पंधरवड्यात घडतं. ते आल्यावर हटकलं तर भांडण होणार. मे महिन्यातच निरोप धाडा, कोणता तुकडा बंद आणि कोणता खुला ते दाखवा, पाण्याची आणि जाण्या-येण्याची वाट मोकळी ठेवा. पर्यायी कुरण दाखवल्याशिवाय बंदी घालणं अन्याय्य आहे, आणि ती टिकतही नाही.

## टप्पा ७: पेरणी, फक्त मेलेल्या तुकड्यांत

मेमध्ये टाकलेलं बी मुंग्या आणि पाखरं नेतात. त्यातूनही वाचलं तर वळवाला उगवतं आणि जूनच्या उघडिपीत करपतं. मोसमी पाऊस स्थिरावला, वीतभर ओल गेली, की मगच हात घाला.

सर्वांत खात्रीचं काम ठोंब लावण्याचं. न जळलेल्या तुकड्यातून मारवेलचे मुळांसकट ठोंब काढा, शेंडे छाटा, हातभर अंतरावर आडव्या ओळीत लावा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मारवेलचे सुधारित वाण दिले आहेत, पण जवळच्या माळावर तग धरलेला ठोंब मिळत असेल तर मी तोच घेईन.

गवताचं बी टाकायचं असेल तर मागच्या हिवाळ्यात जमवलेलं घ्या. ताज्या बियाला सुप्तावस्था असते. बी हलकं, केसाळ असतं, वाऱ्याने उडतं, म्हणून माती आणि शेणात कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा.

नत्र भरून काढायला शेंगवर्गी साथ हवी. चाऱ्याच्या खासगी कुरणात स्टायलो (शेंगवर्गी चारापीक) चालतो, गुंठ्याला साधारण १०० ग्रॅम. त्याच्या बियांचं कवच टणक असतं. ८० अंशांच्या गरम पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवून रात्रभर गार पाण्यात भिजवा. पाणी उकळतं असेल तर बी शिजतं. मुळातलं देशी गवत आणि रानफुलं टिकून असलेल्या माळावर मात्र बाहेरचा स्टायलो नेऊ नका.

## टप्पा ८: पावसाळ्यातली नजर

पहिल्या मोठ्या पावसानंतर चोवीस तासांत माळावर जा. ओघळ कुठे पडले, काड कुठे गोळा झालं, बांधाची कड कुठे कापली, ते तेव्हाच कळतं. बोटाएवढा ओघळ दोन दगडांत आणि मूठभर काडात बंद होतो. तोच ऑगस्टमध्ये घळ झालेला असतो.

पाणी झिडकारणारा थर ओल टिकली की हळूहळू सैल होतो. जुलैच्या उघडिपीत माती सुकल्यावर थेंबाची तपासणी पुन्हा करा. सेकंद कमी झाले असतील तर त्या तुकड्यात आणखी काही करायला नको.

गाजरगवत फुलावर येण्याआधी उपटा, हातमोजे घालून. विटकरी तुकड्यांपासून सुरुवात करा.

## टप्पा ९: दिवाळीनंतर

बी गळल्यावर, नोव्हेंबरच्या सुमारास गवत कापून न्या. जमिनीपासून चार बोटं बुडखा ठेवा. करडे आणि विटकरी तुकडे या वर्षी कापायचेही नाहीत, तिथलं गवत तिथेच आडवं पडू द्या.

डिसेंबर-जानेवारीत माळाच्या कडेने, रस्त्याच्या आणि पायवाटेच्या बाजूने जाळरेषा काढा. गवत कापून, खरवडून मोकळा पट्टा ठेवा. कापलेली गंजी माळावर राहू देऊ नका. मागच्या वेळी माती भाजली ती अशाच ढिगांखाली.

मग मार्चमध्ये, त्याच तुकड्यांतून, त्याच दोन थरांतून पुन्हा नमुने घ्या आणि त्याच दगडावरून फोटो काढा.